पाटी कोरी करण्यापूर्वी

(वेसाव्याच्या केंद्रात झालेल्या मासिक बैठकीतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)

आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, 'केंद्राचा जुना लॅपटॉप विकणे'. मागच्या महिन्यात हा विषय दोन मिनिटांत संपणार होता. अंधेरी स्टेशनाजवळचा एक दुकानदार तीन हजार द्यायला तयार आहे, तेवढ्यात पुढच्या शिबिराचा चहा-नाश्ता निघेल, तेव्हा देऊन टाका, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. मी एकटीने हात वर करून 'थांबा' म्हटले. का म्हटले ते त्या दिवशी मला धड सांगता आले नाही. कारण ते सांगायचे तर माझी एक जुनी चूक सांगावी लागते. आज ती सांगायला उभी आहे.

आधी हा लॅपटॉप विकायचा तरी का? यंत्र बिघडलेले नाही. २०१५ साली देणगीतून घेतले, अजून चालते. पण त्यात विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे प्रणालीत नवे भोक सापडले, तर ते बुजवणारी दुरुस्ती आता पूर्वीसारखी आपोआप येत नाही. मुदतवाढीची योजना आहे, पण ती तात्पुरती. विंडोज ११ घ्यावी तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो आपल्या लॅपटॉपात नाही. आपल्यासारख्या कितीतरी संस्थांची, शाळांची, घरांची हीच अडचण असणार. चालती यंत्रे या काळात दुकानांत जातील, लॅमिंग्टन रोडला जातील, तिथून कोणाच्या तरी घरी जातील. आपलाही जाईल. जायला हरकत नाही. एखाद्या शाळकरी मुलीला स्वस्तात लॅपटॉप मिळाला तर चांगलेच आहे. प्रश्न एवढाच, की त्याच्याबरोबर आणखी काय काय जाईल?

अकरा अर्ज

२०११ सालची गोष्ट. आपले केंद्र तेव्हा यारी रोडच्या एका भाड्याच्या खोलीत होते. टेबलावर एक भलाथोरला कॉम्प्युटर होता. तो विकून नवा घ्यायचा ठरले आणि विकायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी एक अख्खी दुपार बसून फाइली पुसल्या. एकेक निवडायची, डिलीट दाबायचे. शेवटी रिसायकल बिन रिकामी केली. दुकानदाराने माझ्यासमोर विंडोज नव्याने टाकून दाखवली. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळे आकाश आले. सगळे कोरे. मी निर्धास्त घरी गेले.

चार महिन्यांनी केंद्रात फोन आला. बारावीत शिकणारी मुलगी होती. वडिलांनी तिला दुकानातून जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. ती म्हणाली, "मॅडम, यात तुमच्या संस्थेचे कागद आहेत. मी काही उघडले. मला वाटते, मी ते बघायला नको होते."

तुमच्यापैकी ज्यांनी जुने कॉम्प्युटर वापरले आहेत त्यांना आठवत असेल, आत एकच डिस्क असली तरी तिचे सी आणि डी असे दोन कप्पे करून देत. विंडोज बसायची सी कप्प्यात. दुकानदाराने नवी विंडोज टाकली ती सी मध्येच. आणि आपल्या आधीच्या कार्यकर्तीने मोठ्या काळजीने दर महिन्याला सगळ्या कामाची प्रत डी कप्प्यात काढून ठेवली होती. मला तो कप्पा माहीतच नव्हता. तिच्या काळजीवर माझ्या अज्ञानाने पाणी फिरवले.

मी त्या मुलीला विचारले, काय काय पाहिलेस? बहुतेक फाइली तिला वाचता आल्या नव्हत्या. त्या वेळी आपण युनिकोडमध्ये लिहीत नव्हतो. जुना मराठी टंक तिच्याकडे नव्हता, त्यामुळे पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसत होती. पण अकरा अर्ज आपण स्कॅन करून ठेवले होते. हाताने लिहिलेले. ते कोणालाही वाचता आले असते. नाव, पत्ता, नवऱ्याचे नाव, कधी काय झाले ते तारीखवार. त्यातली एक बाई त्या मुलीच्याच गल्लीत राहत होती.

मुलगी गुणाची निघाली. कोणाकडे काही बोलली नाही. वडिलांबरोबर कॉम्प्युटर घेऊन केंद्रात आली, आम्ही डिस्क बदलून दिली. म्हटले तर प्रकरण मिटले. पण मग आमच्यात भांडण झाले. काही जणी म्हणाल्या, झाले ते झाले, कोणाचे वाईट झालेले नाही, आता त्या अकरा जणींना सांगून उगाच घाबरवायचे कशाला? मीही आधी त्याच बाजूची होते. खरे सांगायचे तर मला त्यांना घाबरवायचे नव्हते, त्यापेक्षा मला स्वतःला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी ठरले की सांगायचे. कारण ज्या घरात 'तुला कळून काय करायचे' असे म्हणतात, त्या घरातून या बाया आपल्याकडे आल्या होत्या. आपणही तेच म्हणायचे का?

अकरांपैकी नऊ जणी भेटल्या. कोणी रडली, कोणी 'जाऊ द्या' म्हणाली. त्या गल्लीतली बाई मासळी बाजारात बसायची. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ताई, मी चौकीत गेले नाही, कारण तिकडे माझे नाव चार तोंडांत जाईल. म्हणून तर तुमच्याकडे आले." एवढेच. ओरडली नाही. पुन्हा ती केंद्रात कधी आली नाही.

म्हणून मी त्या दिवशी हात वर केला.

पुसले म्हणजे काय झाले?

आता जरा यंत्राबद्दल. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा काय होते? ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तक आहे आणि आपण यादीतून त्याचे नाव खोडले, असे होते. पुस्तक कपाटातच असते. त्या जागी दुसरे पुस्तक ठेवले जाईपर्यंत ते तिथेच राहते. यादी सोडून जो थेट कपाटात हात घालील त्याला ते मिळते. असा हात घालणारे प्रोग्राम फुकट मिळतात आणि ते चालवायला फार शिक्षण लागत नाही. झटपट फॉरमॅट केले तरी नवी कोरी यादी तयार होते, एवढेच.

हे मी मागच्या आठवड्यात कोळीवाड्यातल्या मावशींना सांगत होते. त्या म्हणाल्या, "अगं, मासळीची पाटी नळाखाली धरली म्हणून वास जातो का?" मला शाळेची पाटी आठवत होती, त्यांना मासळीची. त्यांचीच उपमा खरी. शाळेची पाटी ओल्या फडक्याने पुसली की कोरी होते. डिस्क नुसत्या डिलीटने कोरी होत नाही.

आपणच तेवढ्या अडाणी, असेही समजू नका. अमेरिकेत एमआयटी या संस्थेतल्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलात या दोघांनी बाजारातून १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली आपला अभ्यास छापला. चालू निघालेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. बाकीच्यांत लोकांची खासगी पत्रे होती, आजारपणाची माहिती होती, पाच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर बँकेच्या एटीएम यंत्रातली होती. पुढे २०२२ साली मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेला तिथल्या सरकारी नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड केला. तिने ग्राहकांची माहिती असलेली जुनी यंत्रे मोडीत काढायचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले होते आणि त्यातल्या काही डिस्क न पुसताच लिलावात गेल्या होत्या. त्यांच्याकडे दंड भरायला पैसे होते. आपल्याकडे जे आहे ते परत विकत घेता येत नाही.

किंमत कोण मोजते?

हाँगकाँगमध्ये एका नामवंत नटाचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. दुकानातल्या कारागिराने त्यातले खासगी फोटो उतरवून घेतले आणि २००८ साली ते जगभर पसरले. लॅपटॉप पुरुषाचा, चोरी पुरुषाने केलेली. कारागिराला २००९ साली साडेआठ महिन्यांची कैद झाली. पण फोटोत ज्या स्त्रिया होत्या त्यांना लोकांनी जी शिक्षा दिली तिला मुदत नव्हती. कामे गेली, जाहीर माफी मागावी लागली. माफी कशाची? त्यांनी कोणता गुन्हा केला होता?

आपल्या वेसाव्यात हे दूरचे नाही. आरामनगरात ऑडिशनला येणाऱ्या किती मुली इथे चौघी-पाचजणी मिळून खोली घेऊन राहतात. काम नसलेल्या महिन्यात भाड्यासाठी लॅपटॉप विकतात. त्यात फोटो, ऑडिशनच्या चित्रफिती, पासपोर्टची प्रत, आधार, घरचा पत्ता, सगळे असते. कोणी म्हणेल, असले फोटो काढूच नयेत. मैत्रिणींनो, ही तीच जुनी शिकवण आहे, रात्री बाहेर पडूच नये, अशी. आपण तिला कधी मान दिला नाही, आता का द्यावा? बाईने आपल्या यंत्रात काय ठेवावे हा तिचा प्रश्न. ते चोरून पाहणे आणि पसरवणे हा गुन्हा. खासगी अवयवांचे चित्र संमतीवाचून घेतले वा पसरवले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई लागते, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आहे, ते पूर्वीच्या ३५४ सी चे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हे सगळे आपल्या बाजूने आहे. पण कायदा गुन्हा झाल्यावर येतो. डिस्क आधी पुसायची असते.

करायचे काय?

तीन कामे, याच क्रमाने. काढून घ्या, नाती तोडा, मग पुसा.

पहिले, काढून घेणे. एकदा पुसले की परत नाही, म्हणून घाई करायची नाही. कागदपत्रे, फोटो, हिशेब बाहेरच्या डिस्कवर घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डी कप्पा, सगळीकडे पाहा. प्रती दोन काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवा. प्रत काढली म्हणून थांबू नका, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा.

इथे मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. आपले जुने अंक पेजमेकरमध्ये आहेत, अहवाल श्रीलिपीत, आकृतीत, आयएसएममध्ये टंकलेले आहेत. ते टंक या जुन्या यंत्रात बसवलेले आहेत म्हणून ते वाचता येतात. यंत्र पुसले की टंकही जातील आणि आपल्याच फाइली आपल्याला त्या मुलीसारख्या खिचडी दिसतील. त्या वेळी त्या खिचडीने कितीतरी जणींची नावे झाकली, हे आपले नशीब. पण वीस-पंचवीस वर्षांच्या चळवळीची नोंद खिचडी होऊन चालणार नाही. म्हणून पुसण्याआधी, याच यंत्रावर बसून, प्रत्येक जुन्या फाइलीची पीडीएफ काढायची. पीडीएफमध्ये टंक सोबत बांधून नेता येतो. जमेल तेवढा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. हे काम एका दुपारचे नाही, दोन महिन्यांचे आहे. मी करते, दोघींनी मदतीला यावे.

दुसरे, नाती तोडणे. यंत्र विकले तरी ते आपल्या खात्यांशी जोडलेले राहू शकते. ब्राउझरमधून गुगल खाते बाहेर काढा. त्यात जपलेले पासवर्ड असतात, बँकेचेसुद्धा. फोनवर व्हॉट्सअॅप उघडून 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जा आणि लॅपटॉपचे नाव काढून टाका. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातल्या उपकरणांच्या यादीतूनही ते काढा. अॅपलचा लॅपटॉप असेल तर 'फाइंड माय' बंद करून खात्यातून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याला तो वापरता येणार नाही आणि तो तुमच्या दारात येईल. हिशेबाच्या प्रोग्रामचा परवाना या यंत्रावर असेल तर तो सोडवून घ्या. खाचेत राहिलेले मेमरी कार्ड, मागे खोचलेला पेन ड्राइव्ह, डिजिटल सहीची चावी, हे हाताने चाचपून बघा. हसू नका, मागच्या वर्षी आपला पेन ड्राइव्ह दुरुस्तीच्या दुकानातून परत आणावा लागला होता.

तिसरे, पुसणे. चार्जर लावून ठेवा, मध्येच वीज तुटता कामा नये. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग रिकव्हरी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी. तिथे 'रिसेट धिस पीसी' आहे. ते विचारते, फाइली ठेवायच्या की सगळे काढायचे? 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. बहुतेक जणी इथेच थांबतात. थांबू नका. पुढच्या पडद्यावर 'चेंज सेटिंग्ज' म्हणून बारीक अक्षरात असते, ते उघडा. तिथे 'क्लीन डेटा' चालू करा, म्हणजे नुसती यादी न खोडता कपाटातल्या जागेवरही नवे लिहिले जाते. आणि यंत्रात एकाहून अधिक कप्पे असतील तर तिथेच विचारतात, फक्त विंडोजचा कप्पा पुसू की सगळे? सगळे. माझे अकरा अर्ज या एका प्रश्नात अडकले होते, आणि त्या वेळी तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

याला काही तास लागतात, रात्रभर ठेवावे लागले तरी ठेवा. शेवटी देश कोणता, भाषा कोणती असे विचारणारा पडदा येतो. तिथे काहीही न भरता यंत्र बंद करा. आता ते कारखान्यातून आल्यासारखे आहे, पुढचे घेणारा भरील.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर हे पुसणे चांगले लागू पडते. नव्या एसएसडीमध्ये यंत्र स्वतःच जागा बदलत राहते, त्यामुळे वरून लिहिले तरी जुने कोपऱ्यात उरू शकते. तिथे उपाय असा, की आधी पूर्ण डिस्क सांकेतिक करून कुलूपबंद करायची आणि मग पुसायची. किल्लीच नष्ट झाली की उरलेले कोणाला वाचता येत नाही. आणि दुसरे, मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते की 'क्लीन डेटा' ही सोय घरगुती वापरासाठी आहे, सरकारी वा औद्योगिक मापदंडांना ती पुरत नाही. म्हणून केंद्राच्या लॅपटॉपाबाबत माझे मत वेगळे आहे. त्यातली डिस्क काढूनच घ्यावी. मागचे स्क्रू काढले की ती निघते. लॅपटॉप डिस्कशिवाय विकावा. तीन हजारांचे दोन हजार येतील. नाश्त्याला पोह्यांऐवजी नुसता चहा देऊ. जे यंत्र सुरूच होत नाही, त्यालाही हाच उपाय. बंद पडले म्हणून डिस्क मेली, असे नसते.

विकताना पावती घ्या, तिच्यावर यंत्राचा क्रमांक आणि तारीख घाला. उद्या ते कुठे वापरले गेले, तर आपण कधी विकले त्याचा पुरावा हवा.

मागून विचारताहेत, लॅपटॉप आमच्याकडे नाही, फोन आहे, त्याचे काय? हेच. बाजारात क्यूआर लावून पैसे घेणारा तुमचा फोन म्हणजे तुमची बँक आहे. फोन बदलताना आधी पैशांचे अॅप आणि बँकेचे अॅप बंद करून बाहेर पडा, गुगल खाते काढा, सिम आणि कार्ड काढा, मग सेटिंग्जमधून 'फॅक्टरी रिसेट' करा. नातवाला करायला सांगा, पण तो करताना शेजारी बसा.

जेव्हा पुसायचे नसते

आता सर्वांत महत्त्वाचे. गेल्या वर्षी एक मुलगी आपल्याकडे आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी परतलेली. लॅपटॉप तिच्या पगारातून घेतलेला, पण पासवर्ड नवऱ्याला माहीत. त्यात त्याच्या धमक्यांचे मेल होते, दोघांचे जुने फोटोही होते. ती म्हणाली, "मला हे सगळे डोळ्यांसमोरून जायला हवे. कोरा करून द्या, विकते, वकिलाची फी निघेल."

तिचे मन कोणाला कळणार नाही? तरी आपण तिला थांबवले. कारण त्या धमक्या हाच तिचा पुरावा होता. मारहाण बंद दाराआड होते, साक्षीदार नसतो. त्या मेलांशिवाय तिच्याकडे दुसरे काही नव्हते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा कसा द्यायचा याचे नियम आहेत. आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा खटला, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यात न्यायालयाने म्हटले की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच, मूळ यंत्रच मालकाने साक्षीत हजर केले तर त्याची गरज नाही. आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. म्हणजे मूळ यंत्राला किती किंमत आहे ते पाहा. उलट, न्यायालयात द्यावा लागणारा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज मुद्दाम नष्ट केला तर न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तो गुन्हा होऊ शकतो. तेव्हा तक्रार केली असेल किंवा करण्याचा विचार असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक फाइलसुद्धा पुसू नका.

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे त्याने मला जे लिहिले ते मीच जपून ठेवायचे?" या प्रश्नावर मला उत्तर सुचले नाही. आजही नाही. आपण एवढेच केले, की दुसऱ्या यंत्रावरून तिच्या मेलचे, बँकेचे सगळे पासवर्ड बदलून घेतले, लॅपटॉप बंद करून वकीलबाईंच्या कपाटात ठेवला आणि फीची सोय वर्गणीतून केली. तिला तो रोज बघावा लागत नाही. खटला चालू आहे. निकाल लागेल त्या दिवशी पुसायचा की नाही ते ती ठरवील, आणि पुसायचा म्हणाली तर बटण तीच दाबील.

मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. यंत्र कोणाच्याही नावावर असो, त्यातली हकिगत जिची आहे, ती ठेवायची की पुसायची हे ठरवण्याचा हक्क तिचा. २०११ साली मी त्या अकरा जणींना न विचारता त्यांचे अर्ज बाजारात पाठवले. या मुलीची हकिगत तिच्याच भल्यासाठी म्हणून परस्पर पुसून टाकली असती, तरी ती चूकच झाली असती.

ठराव

बैठकीपुढे मी चार गोष्टी मांडते. त्या मान्य झाल्या तर लिहून भिंतीवर लावू.

एक, केंद्रातले कोणतेही यंत्र, फोनसुद्धा, डिस्क काढल्याशिवाय किंवा पूर्ण पुसल्याशिवाय बाहेर जाणार नाही. हे काम दोघींनी मिळून करायचे आणि वहीत सह्या करायच्या. एकटीने नाही. मी एकटीने केले होते.

दोन, दुरुस्तीला यंत्र द्यायचे तर डिस्क काढून द्यायची. तसे जमत नसेल तर कारागीर केंद्रात येईल आणि आपल्यापैकी कोणीतरी शेजारी बसेल.

तीन, अर्ज भरून घेतानाच प्रत्येकीला विचारायचे, तुझे कागद आम्ही किती वर्षे ठेवावेत? ती म्हणेल ते अर्जावर लिहायचे. आज आपण विचारतच नाही, सगळे कायमचे ठेवतो. माणसांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा सांगतो म्हणून हे करायचे नाही. त्याच्या आधीपासून ते आपले कर्तव्य होते.

चार, माहिती बाहेर गेली असे कळले तर जिची गेली तिला त्याच आठवड्यात, समक्ष जाऊन सांगायचे. लाज वाटली तरी सांगायचे.

आपण 'जे खासगी ते राजकीय' असे म्हणत मोठ्या झालो. घरातला अत्याचार चव्हाट्यावर आणायला आपण बायांना शिकवले. पण चव्हाट्यावर कधी आणायचे, किती आणायचे, हे तिने ठरवायचे, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे. तो मी उशिरा शिकले आणि त्याची किंमत मला द्यावी लागली नाही, दुसऱ्याच कोणाला द्यावी लागली.

ती बाई अजून बाजारात बसते. मी तिच्याकडूनच मासळी घेते. ती वजन करते, पैसे घेते, फार बोलत नाही. पहिली दोन वर्षे तर माझ्याकडे बघतही नसे. गेल्या शुक्रवारी मी तिला सांगितले की केंद्राचा लॅपटॉप विकायचा आहे आणि या वेळी मी त्यावर भाषण करणार आहे. तिने हातातली कोयती खाली ठेवली आणि म्हणाली, "माझे नाव नको घेऊस हां."

नाही घेतले. आता चौथ्या विषयावर मत घेऊ या.